अजिंक्यपदानंतरचा उन्हाळा

९ जून २०१० च्या रात्री फिलाडेल्फियाच्या क्रीडागारात जादा वेळेचे पाचवे मिनिट चालू असताना शिकागो ब्लॅकहॉक्स संघातील पॅट्रिक केन या एकवीस वर्षांच्या खेळाडूने इतक्या अवघड कोनातून फटका मारला की, रबराची ती काळी चकती गोलरक्षकाला चुकवून जाळ्याच्या तळाशी रुतून बसली तरी पंच, प्रतिपक्ष आणि प्रेक्षक यांपैकी कोणालाही ती कोठे गेली हे काही क्षण उमगले नाही, आणि हातमोजे भिरकावून बर्फाच्या दुसऱ्या टोकाकडे सुसाट निघालेला केन हाच काय तो त्या वेळी निःशंक होता. चित्रफीत पाहून गोल मान्य करण्यात आला आणि एकोणपन्नास वर्षांच्या प्रतीक्षेनंतर स्टॅनली चषक शिकागोला परत आला. दोन दिवसांनी शहरात निघालेल्या विजययात्रेत जे खेळाडू लाखो नागरिकांचे अभिवादन स्वीकारीत होते, त्यांपैकी दहाजण पुढच्या मोसमाच्या आरंभी त्या संघात उरले नव्हते. त्यांना कोणी नालायक ठरविले नव्हते. ते दुखापतग्रस्त किंवा वयोवृद्धही झालेले नव्हते. मालक रॉकी वर्ट्झ यांच्या तिजोरीत द्रव्य होते आणि ते खर्चण्याची त्यांची इच्छाही होती. तरीसुद्धा अजिंक्य संघाची अशी वाटणी का झाली, हे समजून घेण्यासाठी बर्फावरून दृष्टी काढून हिशेबाच्या वहीकडे वळवली पाहिजे.

उत्तर अमेरिकेत केवळ ‘हॉकी’ म्हटले की बर्फावरची हॉकी अभिप्रेत असते, आणि त्या खेळाची सर्वोच्च संस्था म्हणजे नॅशनल हॉकी लीग. या लीगमध्ये पूर्वी श्रीमंत शहरांतील संघ हवे तितके वेतन देत आणि लहान शहरांतील संघ त्यांच्या मागे धापा टाकीत. मालकांना खर्चावर कमाल मर्यादा हवी होती, खेळाडूंच्या संघटनेला ती मुळीच मान्य नव्हती. आणि या हट्टापायी २००४-०५ चा संपूर्ण मोसम वाया गेला. १६ फेब्रुवारी २००५ रोजी आयुक्त गॅरी बेटमन यांनी मोसम रद्द झाल्याचे जाहीर केले, तेव्हा १९१९ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीनंतर प्रथमच त्या वर्षी चषक कोणालाच मिळाला नाही. त्या उन्हाळ्यात जो तहनामा झाला त्यात खेळाडूंची बाजू पुरती नमली होती: चालू करारांतील रकमा २४ टक्क्यांनी छाटण्यात आल्या आणि ‘सॅलरी कॅप’, म्हणजे प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चाची कमाल मर्यादा, अस्तित्वात आली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती. पुढे लीगचे उत्पन्न वाढेल तशी ती वाढावी, आणि तिच्याखाली एक किमान मर्यादाही असावी, जेणेकरून कोणी मालक अगदीच फुकटात संघ चालवणार नाही, असे ठरले.

मराठी वाचकाला आयपीएलच्या लिलावातील ‘पर्स’ परिचयाची आहे, आणि वरवर पाहता ही व्यवस्था तशीच भासते. परंतु तेथे दर काही वर्षांनी महालिलाव होऊन बहुतेक खेळाडू पुन्हा बाजारात येतात, आणि त्याबरोबर संघचालकांच्या जुन्या चुकाही पुसल्या जातात. हॉकी लीगमध्ये करार पाच, आठ, प्रसंगी बारा वर्षांचे असत, आणि ते हमीचे असत. खेळाडू मनातून उतरला म्हणून त्याला काढून टाकता येत नसे. करार मोडायचाच तर उर्वरित रकमेचा दोनतृतीयांश भाग दुप्पट वर्षांत वाटून द्यावा लागे आणि त्याची सावली तितकी वर्षे मर्यादेवर पडत राही. शिवाय मर्यादेत मोजली जाणारी रक्कम त्या त्या वर्षी खेळाडूच्या हाती पडणारी नसे. संपूर्ण कराराची बेरीज करून तिला वर्षांच्या संख्येने भागले की येणारी सरासरी दरवर्षी संघाच्या नावे मांडली जाई.

या सरासरीच्या नियमातून वकिलांनी आणि दलालांनी जी वाट काढली ती कोणत्याही जुन्या सरकारी दप्तरातील कारकुनाने कौतुक करावी अशी होती. शिकागोने २००९ च्या जुलैत मारियन होसा या स्लोव्हाक आघाडीपटूशी बारा वर्षांचा करार केला. त्याची एकूण रक्कम सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर होती, पण पहिली सात वर्षे दरसाल एकोणऐंशी लाख आणि अखेरची चार वर्षे दरसाल अवघे दहा लाख अशी तिची मांडणी होती. बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत होसा खेळत राहील असे मानणारा मनुष्य त्या कचेरीत एकही नसावा. परंतु शेपटीची ती स्वस्त वर्षे जोडल्यामुळे सरासरी त्रेपन्न लाखांच्या आसपास उतरली. पुढच्याच उन्हाळ्यात न्यू जर्सी डेव्हिल्सने इल्या कोवाल्चुकसाठी हाच प्रयोग सतरा वर्षे आणि १० कोटी २० लाख डॉलर इतका ताणला, तेव्हा लीगने तो करार फेटाळला आणि लवाद रिचर्ड ब्लॉक यांनी लीगचे म्हणणे उचलून धरले. संयमाने केलेली लबाडी खपून गेली आणि हाव धरलेली पकडली गेली, एवढाच या दोन प्रकरणांतील फरक.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २०१० च्या उन्हाळ्यातील निर्णय शिकागोचे जनरल मॅनेजर स्टॅन बोमन यांनी घेतले असे म्हणण्याचा प्रघात आहे. माझ्या मते त्यांतील बरेचसे निर्णय २००८ च्या उन्हाळ्यातच होऊन गेले होते, आणि बोमन यांच्या वाट्याला आली ती त्यांची अंमलबजावणी. २००५ पासून मर्यादा दरवर्षी अशी झपाट्याने वाढत होती की २००७-०८ मध्ये ५ कोटी ३ लाख असलेली रक्कम दुसऱ्या वर्षी ५ कोटी ६७ लाखांवर गेली. या भरतीच्या काळात, जुलै २००८ मध्ये, तेव्हाचे जनरल मॅनेजर डेल टॅलन यांनी ब्रायन कॅम्पबेल या बचावपटूला आठ वर्षांसाठी दरसाल सरासरी ७१ लाख ४० हजार आणि क्रिस्तोबाल ह्युए या गोलरक्षकाला चार वर्षांसाठी दरसाल सवाछप्पन्न लाख डॉलर देऊ केले. मर्यादा याच गतीने वाढत राहील आणि आज डोळ्यांत भरणारे आकडे उद्या किरकोळ वाटतील, असा त्यांचा हिशेब असावा. सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स ही पेढी कोसळली, मंदी आली, आणि २००९-१० ची मर्यादा मागच्या वर्षापेक्षा केवळ एक लाख डॉलरने वाढली.

त्यातच २००९ च्या जूनमध्ये एक कारकुनी घोटाळा झाला. ज्या तरुण खेळाडूंचा करार संपलेला असतो पण वय आणि सेवाकाल अपुरा असल्याने ज्यांच्यावर जुन्या संघाचा पहिला हक्क राहतो, त्यांना ठरावीक तारखेच्या आत लेखी देकार पाठवावा लागतो. न पाठवल्यास तो हक्क संपुष्टात येतो. शिकागोच्या कचेरीतून यांपैकी काही देकार मुदतीनंतर रवाना झाले. खेळाडूंच्या संघटनेने तक्रार गुदरली, आणि हे तरुण मोकळे होऊन दुसरीकडे जातील या भीतीने संघाने घाईघाईने वाढीव दराचे करार केले. क्रिस व्हर्स्टीग आणि कॅम बार्कर यांना प्रत्येकी तीन वर्षांचे साडेब्याण्णव लाख डॉलर मिळाले. काही दिवसांतच टॅलन यांना पदावरून दूर करून त्यांच्या जागी बोमन यांची नेमणूक झाली. हॉकीतील विख्यात प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांचे ते चिरंजीव. १९७३ मध्ये वडिलांच्या माँट्रियल संघाने स्टॅनली चषक जिंकला आणि त्याच उन्हाळ्यात जन्मलेल्या मुलाचे नाव स्टॅनली ठेवण्यात आले. त्यांचे शिक्षण वित्त आणि संगणक या विषयांतले होते, आणि पुढे त्यांना जे करावे लागले ते पाहता हे शिक्षण वाया गेले नाही.

डिसेंबर २००९ मध्ये बोमन यांनी कर्णधार जोनाथन टेव्झ आणि केन यांच्याशी दरसाल ६३ लाखांचे, पाच वर्षांचे, आणि बचावपटू डंकन कीथ याच्याशी तेरा वर्षांचे, सरासरी सवापंचावन्न लाखांहून थोडे अधिक पडणारे करार केले. हे तिघे गेले असते तर संघच गेला असता, तेव्हा त्याबद्दल बोमन यांना दोष देता येणार नाही. परंतु ते करार लागू व्हायचे होते २०१०-११ पासून. तोवर टेव्झ आणि केन नवशिक्यांच्या अल्प वेतनावर खेळत होते, आणि ही स्वस्त वर्षे हीच शिकागोच्या अजिंक्यपदाची खरी पुंजी होती. त्या जुन्या करारांत कामगिरीनुसार बक्षिसाच्या रकमा होत्या. संघ जिंकला, टेव्झ अंतिम टप्प्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि मर्यादेबाहेर गेलेली बक्षिसांची रक्कम, चाळीस लाख डॉलरहून अधिक, नियमानुसार पुढच्या वर्षाच्या खात्यावर चढली. लग्न थाटात लागावे, वऱ्हाडी तृप्त होऊन परतावेत आणि दुसऱ्या दिवशी मांडववाला, आचारी, वाजंत्रीवाला असे सारे आपापले बिल घेऊन ओसरीवर येऊन बसावेत, तसा हा प्रसंग होता.

आता बेरीज पाहा. २०१०-११ ची मर्यादा ५ कोटी ९४ लाख डॉलर होती. कॅम्पबेल, केन, टेव्झ, ह्युए, कीथ आणि होसा या सहाजणांचे मिळून ३ कोटी ६२ लाखांच्या जवळपास होत होते. त्यांत पॅट्रिक शार्पचे एकोणचाळीस लाख, ब्रेंट सीब्रूकचे पस्तीस आणि डेव्ह बोलंडचे पावणेचौतीस मिळवले की नऊ खेळाडूंवर ४ कोटी ७० लाख खर्ची पडले. बक्षिसांची थकबाकी वजा जाता उरले जेमतेम ऐंशी-ब्याऐंशी लाख, आणि संघाला खेळाडू लागतात तेवीसपर्यंत. उरलेल्या चौदाजणांना किमान वेतन, म्हणजे प्रत्येकी पाच लाख, दिले तरी सत्तर लाख होतात. याच उरलेल्या भागात दरसाल तीस लाख घेणारा डस्टिन बफलिन, तितक्याच किमतीचा व्हर्स्टीग, नव्या करारासाठी थांबलेले अँड्र्यू लॅड आणि निक्लास यालमार्सन, आणि ज्याने चषक जिंकून दिला तो गोलरक्षक आंटी निएमी, हे सारे बसवायचे होते. ते बसणे अशक्य होते.

बोमन यांनी विलंब लावला नाही, आणि हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. कारण आपल्याला विकणे भाग आहे ही गोष्ट लीगमधील प्रत्येक संघाला ठाऊक असताना दिरंगाई करणाऱ्याच्या मालाला दिवसेंदिवस भाव कमीच येतो. विजययात्रेला दोन आठवडे होतात न होतात तोच बफलिन, ब्रेंट सोपेल आणि बेन ईगर यांची अटलांटा थ्रॅशर्सकडे रवानगी झाली. मोबदल्यात काही खेळाडू आणि ड्राफ्टमधील, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीतील, पहिल्या व दुसऱ्या फेरीचे हक्क आले. बफलिन हा अवाढव्य देहाचा खेळाडू त्या वसंतातील बाद फेऱ्यांत अकरा गोल करून बसला होता. ३० जूनला व्हर्स्टीग टोरोंटोस गेला, दुसऱ्याच दिवशी लॅड अटलांटास. कॉलिन फ्रेझर एडमंटनला गेला, जॉन मॅडन आणि ॲडम बरिश यांचे करार संपले ते संपलेच. यांतील कोणीही संघाचा प्राण नव्हता. पण बाद फेऱ्यांत पहिली फळी दमून बाकावर बसली की सामना ज्यांच्या हाती जातो ते हे खेळाडू होते. वेतनमर्यादा नामवंतांना सहसा धक्का लावीत नाही, कारण त्यांच्यासाठी संघ काहीही मोजतात. किमान वेतनावरच्या पोराबाळांनाही ती लावीत नाही. तिचा वरवंटा फिरतो तो मधल्या वेतनाच्या, भरवशाच्या, पंचविशीतल्या माणसांवर.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मात्र अशी चाल आली की जिचे वर्णन केल्यावाचून राहवत नाही. ज्याच्यावर जुन्या संघाचा हक्क आहे अशा तरुणाला दुसरा संघही लेखी प्रस्ताव देऊ शकतो. मग जुन्या संघाने सात दिवसांत तेवढीच रक्कम मान्य करावी किंवा ड्राफ्टमधील हक्कांच्या मोबदल्यात त्याला सोडून द्यावे. मे महिन्यात शिकागोकडून सलग चार सामने हरून बाद झालेल्या सॅन होजे शार्क्सने ९ जुलैला यालमार्सनपुढे चार वर्षांचा, एक कोटी चाळीस लाखांचा प्रस्ताव ठेवला. खेळाडू मिळाला तर उत्तमच. न मिळाला तर शिकागोच्या खात्यावर दरसाल पस्तीस लाखांचा बोजा पडणार, आणि मग निएमीसाठी त्यांच्यापाशी काय उरणार? सॅन होजेने आपला जुना गोलरक्षक नुकताच सोडून दिला होता. बोमन यांनी १२ जुलैला प्रस्तावाची बरोबरी करून यालमार्सनला ठेवून घेतले.

निएमी हा फिनलंडचा. कोणत्याही संघाने ड्राफ्टमध्ये निवडलेला नाही, तरुणपणी बर्फ सपाट करणारे यंत्र चालवून चार पैसे मिळवलेला. सवाछप्पन्न लाखांच्या ह्युएला बाकावर बसवून दहा लाखांहूनही कमी वेतनात त्याने चषक जिंकून दिला होता. त्याचे प्रकरण लवादापुढे गेले आणि लवादाने एका वर्षासाठी साडेसत्तावीस लाखांचा निवाडा दिला. तो कोणालाही अवाजवी वाटला नसता. पण ठरावीक रकमेपेक्षा मोठा निवाडा नाकारण्याची मुभा संघाला होती आणि २ ऑगस्टला शिकागोने ती वापरली. त्याच दिवशी पस्तिशीच्या मार्टी टर्को याला तेरा लाखांवर करारबद्ध करण्यात आले. सप्टेंबरात निएमीने वीस लाखांवर करार केला. कोणाशी, हे वाचकाने ओळखलेच असेल. शार्क्सची चाल एका बाजूने फसली आणि दुसऱ्या बाजूने फळली.

राहता राहिला ह्युए. त्याचा करार कोणी घेईना, मोडावा तर चार वर्षे सावली पडणार. तेव्हा त्याला स्वित्झर्लंडमधील फ्रिबूर-गोतेरों या संघाकडे उसने धाडण्यात आले. पगार शिकागो देत राहिले, पण लीगबाहेर खेळणाऱ्याची रक्कम तेव्हा मर्यादेत धरली जात नसे. ही पळवाट २०१३ च्या तहनाम्यात बरीचशी बुजवण्यात आली, तशीच होसासारख्या करारांनाही तेथे दंडाची तरतूद झाली.

या सगळ्याचा परिणाम बर्फावर लगेच दिसला. टर्को मोसमाच्या मध्यापर्यंतही टिकला नाही आणि त्याची जागा कोरी क्रॉफर्ड या संघातच वाढलेल्या गोलरक्षकाने घेतली. गतविजेते ब्लॅकहॉक्स एप्रिल २०११ मध्ये बाद फेरीत पोचले ते मोसमाच्या शेवटच्या दिवशी डॅलस संघ मिनेसोटाकडून हरला म्हणून. तेथे व्हँकूव्हरविरुद्ध तीन सामने गमावल्यावर सलग तीन जिंकून त्यांनी सातवा सामना जादा वेळेत नेला आणि तो हरले. त्यानंतर जूनमध्ये कॅम्पबेलच्या कराराचा जो शेवट झाला त्याला काय म्हणावे कळत नाही. फ्लोरिडा पँथर्स या संघाच्या खात्यावर इतके थोडे करार होते की किमान मर्यादाच गाठणे त्यांना अवघड झाले होते. त्यांना मोठ्या पगाराचा खेळाडू हवाच होता, आणि त्यांच्या जनरल मॅनेजरने ७१ लाखांचा तो बोजा आनंदाने उचलला. ते जनरल मॅनेजर होते डेल टॅलन.

बोमन यांच्या निवडीचा निवाडा करायचा तर २०१५ पर्यंत थांबावे लागते. २०१३ आणि २०१५ मध्ये शिकागोने पुन्हा चषक जिंकला, आणि तिन्ही विजयांत सहभागी असलेले खेळाडू सातच: टेव्झ, केन, कीथ, सीब्रूक, शार्प, होसा आणि यालमार्सन. म्हणजे २०१० च्या जुलैत पस्तीस लाख मोजून ठेवलेला बचावपटू त्यांत आहे, आणि नाकारलेल्या गोलरक्षकाच्या जागी आलेल्या क्रॉफर्डने नंतरचे दोन्ही चषक जिंकून दिले. टर्कोची निवड चुकीची होती, निएमीला सोडण्याची चुकीची नव्हती. गाभा राखावा आणि मधला थर दर दोन वर्षांनी बदलावा हा शिरस्ता पुढेही चालू राहिला: २४ जून २०१३ रोजी बॉस्टनमध्ये विजयी गोल करणारा बोलंड आठवडाभरातच टोरोंटोला धाडला गेला. परंतु २०१४ मध्ये टेव्झ आणि केन यांना आठ वर्षांसाठी दरसाल प्रत्येकी १ कोटी ५ लाख डॉलर देण्यात आले, आणि तेथून २००८ चीच गोष्ट अधिक मोठ्या आकड्यांनी घडली. शार्प डॅलसला गेला, ब्रँडन साद कोलंबसला. २०१६ मध्ये तर ब्रायन बिकेलचा नकोसा करार कोणीतरी घ्यावा म्हणून ट्युवो तेरावाइनेन हा होतकरू फिनिश खेळाडू त्याच्यासोबत कॅरोलायनास देऊन टाकावा लागला. २०१० मध्ये बोमन दुसऱ्याने केलेले देणे फेडीत होते. या वेळी देणे त्यांचे स्वतःचे होते.

त्या २०१० च्या वसंताची दुसरी, काळी बाजूही आहे. संघाच्या चित्रफीत-प्रशिक्षकाविरुद्ध एका तरुण खेळाडूने लैंगिक अत्याचाराची तक्रार केली असता वरिष्ठांनी अजिंक्यपदाच्या धामधुमीत ती आठवडे न् आठवडे दाबून ठेवली, असे २०२१ च्या चौकशी अहवालातून निष्पन्न झाले आणि बोमन यांना पद सोडावे लागले. लीगने त्यांच्यावर घातलेली बंदी उठवल्यावर जुलै २०२४ मध्ये ते एडमंटन ऑइलर्सचे जनरल मॅनेजर झाले. तीन आठवड्यांतच सेंट लुईस ब्लूजने एडमंटनच्या फिलिप ब्रोबर्ग आणि डिलन हॉलोवे या दोन तरुणांपुढे एकाच दिवशी प्रस्ताव ठेवले. सुमारे पंचेचाळीस लाख ऐंशी हजार आणि बावीस लाख नव्वद हजार ही त्यांची वार्षिक रक्कम वेतनानुसार वाढणाऱ्या मोबदल्याच्या वरच्या पायरीला स्पर्श न करील अशी नेमकी बेतलेली होती. एडमंटनच्या खात्यात दोघांना पुरेल इतकी जागा नव्हती. या वेळी बोमन यांनी बरोबरी केली नाही. दोघेही सेंट लुईसला गेले, आणि एडमंटनच्या पदरात ड्राफ्टच्या दुसऱ्या व तिसऱ्या फेरीतील एकेक हक्क पडला.